‘ठीक हाय’ला बंदी घालणारे उस्ताद

उस्तादांना रस्त्यात कुणी सहज ‘काय, कसं काय?’ म्हटलं, की ते थांबत आणि खरंच सांगत. “डावा गुडघा धरलाय. सकाळपासून पित्त हाय. सुनेनं कालपासून बोलणं टाकलंय. बाकी चालू.” विचारणारा बिचारा मोटारसायकलवर एक पाय टेकवून हे सगळं ऐकून घ्यायचा आणि पुढच्या वेळी लांबूनच हात हलवायचा. उस्तादांना त्याचं काही वाटत नसे. विचारलं तर सांगायचं, एवढाच त्यांचा हिशोब.

आमच्या अग्निशमन दलात कवायत आणि काम शिकवणाऱ्याला उस्तादच म्हणतात, त्यामुळे त्यांचं नाव घ्यायची वेळ आमच्यावर कधी आली नाही. आमचीही नावं त्यांनी घेतली नाहीत. छातीवर जो नंबर तेच नाव. मी सतरा नंबर. आमच्या तुकडीत वीस जण होते, त्यांतले एकोणीस मुलगे. उरलेली मी, मुकुंदवाडीची, रोज बापाच्या स्कूटरवरून येणारी.

पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला मैदानात उभं केलं आणि एकेकाला विचारत गेले, “कसा हायस?” वीसच्या वीस जणांनी सांगितलं, “ठीक हाय, उस्ताद.” उस्तादांनी कपाळावर हात मारला. चार नंबरच्या पोराचा बूट दोन मापं लहान होता आणि तो लंगडत होता. नऊ नंबर कन्नड तालुक्यातल्या खेड्यातून पहाटेच्या एसटीनं उपाशी आला होता. मला सणसणीत ताप होता.

“हेच,” उस्ताद म्हणाले, “हेच हाय आपल्या मराठवाड्याचं. माणूस विहिरीत पडला तरी वरून विचारलं तर खालून म्हणंल, ठीक हाय. आजसे ये लफ्ज बंद. ज्याच्या तोंडून निघंल त्यानं पाण्याच्या होजचं भेंडोळं खांद्यावर घेऊन मैदानाला एक चक्कर मारायची.”

पहिल्या आठवड्यात आम्ही इतक्या चकरा मारल्या, की कडेचं गवत गेलं. मग चार नंबरनं शक्कल काढली आणि ‘बरं चाललंय’ म्हणायला सुरुवात केली. दोन दिवसांत त्यावरही बंदी आली. नऊ नंबरनं नुसतीच मान हलवली, तर मानेलाही बंदी.

या खुळापाठी काय होतं ते समजायला आम्हाला वेळ लागला. उस्ताद शिकवत ती गोष्ट सांगायला सोपी आहे. आग लागलेल्या इमारतीत आपली माणसं आत जातात. त्यांतलं कुणी आतच अडकलं, तर त्याला बाहेर आणायला वेगळी चौघांची टोळी दारात तयार उभी पाहिजे. तिनं आग विझवायची नाही, सामान काढायचं नाही. आत किती गेले ते मोजायचं आणि वॉकीटॉकीला कान लावून उभं राहायचं. उस्ताद त्यांना ‘दारावरचे’ म्हणत. आणि आत जो अडकला त्यानं वॉकीटॉकीवर तीनदा ‘मेडे’, म्हणजे ‘जीव धोक्यात’, म्हणायचं, मग चार गोष्टी सांगायच्या: कोण, कुठं, काय झालं, पाठीवरच्या टाकीत हवा किती. बस. या चार गोष्टी आल्या की बाकी सगळ्यांनी तोंड मिटायचं आणि दारावरच्यांनी आत शिरायचं.

“दारावरचे हुशार असून भागत नाय,” उस्ताद म्हणत. “आतला बोललाच नाय, तर हे काय स्वप्नात बघणार? कायकू शरमाते रे? लग्नात जिलेबी मागताना शरम वाटत नाय, आन जीव मागताना वाटती!”

दारात उभं राहणं म्हणजे तर शिक्षाच वाटायची. सरावाला लाकडं पेटवलेली, पोरं पाणी मारतायत, आणि आपण नुसते उभे. नऊ नंबरचे पाय शिवशिवायचे. अंगानं आडदांड आणि स्वभावानं गरीब गडी, काम दिसलं की हात आवरायचे नाहीत. तो हळूच आगीकडे सरकला, की उस्ताद त्याचा पट्टा मागून धरत. “आग बघायला सारं गाव येतंय. तू आत गेलेला माणूस बघ. किती गेले?”

“पाच, उस्ताद.”

“आले किती?”

नऊ नंबरनं पुन्हा आगीकडे बघितलं.

“मोज मग. आगीकडं काय बघतोस, ती कुठं पळून चाललीय?”

मोजण्याची ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती, की ती गणवेशाबरोबर खुंटीवर टांगली जात नसे. चार नंबरच्या भावाच्या लग्नाला आम्ही सगळे गेलो होतो. पंगती चालू होत्या, आणि उस्ताद अत्तर लावून, पांढराशुभ्र कुर्ता घालून भटारखान्याच्या कनातीपाशी उभे. आम्हाला वाटलं, बिर्याणीचा वास घेतायत. थोड्या वेळानं त्यांनी आचाऱ्यालाच पकडलं. “आत अकरा गेले, बाहेर धा आले. एक कुठं हाय?” आचारी म्हणाला, “चाचा, आप खाना खाओ ना!” उस्ताद ऐकेनात. शेवटी सगळी कनात उचलून बघितली तेव्हा तांदळाच्या पोत्यांमागे मसाला वाटणारा एक गडी गाढ झोपलेला सापडला. नेमका तोच गडी कांदा तळायला हवा होता म्हणे आणि सगळे त्याच्या नावानं शंख करत होते. उस्ताद समाधानानं जेवायला बसले आणि दोन माणसांचं जेवले.

त्यांच्या घरचाही कारभार असाच. केंद्रावरच्या फोनवर कधी कधी चाचींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, फोन यायचा. मी एकदा उचलला. पलीकडून खणखणीत आवाज आला. “घरून बोलते. स्वयंपाकघरातून. गॅस संपला. डाळ अर्धी शिजली. निरोप संपला.” आणि फोन बंद. आम्ही वीस जण सहा आठवडे जे शिकत होतो, ते चाचींनी चार श्वासांत करून दाखवलं होतं. उस्तादांना निरोप दिला तर त्यांचा चेहरा असा फुलला, की मला वाटलं आता हे गॅसचा विचार सोडून आमच्यापुढे चाचींचं व्याख्यानच ठेवणार. त्यांनी ठेवलंच. डाळ अर्धीच राहिली असणार.

आता माझं सांगते, कारण या सगळ्यात अवघड विद्यार्थी मीच होते.

भरतीच्या पहिल्याच दिवशी मैदानाच्या फाटकाशी कुणीतरी हसत बोललं होतं, “ह्या पोरीला आगीतनं काढायला दुसरी गाडी बोलवावी लागंल.” कोण बोललं ते मी वळून बघितलंही नाही. पण ते वाक्य मी बरोबर घरी आणलं, जेवले, झोपले आणि सकाळी उठले तेव्हाही ते उशाशीच होतं. त्या दिवसापासून मी ठरवलं, की कुणी मला काढायचं नाही. मी होज सगळ्यांआधी गुंडाळायची, शिडी एकटी उचलायची, पाण्याची बाटलीसुद्धा मागायची नाही.

हे उस्तादांनी ताडलं होतं. एका सकाळी त्यांनी आम्हाला गाडीत घालून उस्मानपुऱ्याच्या चौकात नेऊन सोडलं. फर्मान असं, की प्रत्येकानं एका अनोळखी माणसाकडे मदत मागायची, खरोखर लागणारी मदत. “पत्ता विचारणं मदत नाय, ते टाइमपास हाय. पाणी मागणं बी नाय. जे तुझ्याच्यानं होत नाय ते माग.”

नऊ नंबर एका शिंप्याच्या दुकानात गेला आणि शर्टाचं तुटलेलं बटण लावून, वर चहा पिऊन आला. चार नंबरनं कॉलेजच्या पोरांकडून मराठी अर्ज शुद्ध लिहून घेतला. मी तासाभरानं आले. घामानं निथळत होते.

“काय मागितलंस?”

मी सांगितलं, की एका आजीची भाजीची गाडी ढकलून दिली, एका माणसाची पोती रिक्षात चढवून दिली, एका मुलीची सायकलची चेन बसवून दिली.

उस्तादांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. “मांगने भेजा था, बाँटके आयी! जा परत.”

परत गेले. बराच वेळ पिठाच्या गिरणीसमोर उभी राहिले. माझे केस टोपीच्या बकलात सकाळपासून अडकले होते, मान हलवली की ओढ बसायची. शेवटी दळण घेऊन निघालेल्या एका बाईंना म्हणाले, “काकू, जरा हे सोडवून द्याल का?” काकूंनी पिठाचा डबा खाली ठेवला, केस सोडवले, मग न विचारता वेणी सोडून पुन्हा घालायला घेतली. “किती आवळून बांधतीस गं माय! दुखत नाय का?” मी म्हणाले, “दुखतं.” आणि मला एकदम रडूच आलं. काकूंनी वेणी पूर्ण केली, पिठाच्या हातानं माझी पाठ थोपटली आणि डबा उचलून गेल्या. चौकात गाडीपाशी परत आले तेव्हा पाठीवर पाच पांढरी बोटं होती. उस्तादांनी ती बघितली आणि मला गाडीत बसायला खूण केली.

पण चौकातली गोष्ट वेगळी, आणि अंधारात पोटावर सरपटतानाची वेगळी.

पडेगावच्या बाजूला एक जुनं रिकामं गोदाम आम्हाला सरावाला मिळालं होतं. उस्तादांनी ते आपल्या संसारासारखं सजवलं होतं. मोडकी बाकं, गाद्या, टायर, खाटा आणि वरून लोंबणारी वायरींची जाळी. धूर नसायचा. मुखवट्याच्या काचेवर काळा कागद लावलेला, खाली हवेचा काटा वाचण्यापुरती फट, बस. परीक्षा अशी, की प्रत्येकानं एकट्यानं आत जायचं. कुठंतरी वायरींत अडकायचं हे नक्की, कारण उस्ताद स्वतः आत अंधारात बसून अडकवायचे. अडकलं की हवा संपत आल्याची शिट्टी वाजायच्या आत ‘मेडे’ द्यायचा आणि दारावरच्यांनी बाहेर आणायचं. तीन संधी. तिन्ही गेल्या तर आगीवर जायचं नाही, कायमचं नियंत्रण कक्षातल्या फोनवर. माझ्यासाठी ते फाटकाशी ऐकलेल्या वाक्यावर शिक्का मारून दिल्यासारखंच होतं.

पहिल्या वेळी मी वायरींत अडकले, पक्कड काढली, एकेक वायर तोडली आणि शिट्टी वाजत असताना सरपटत दारातून बाहेर आले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. उस्ताद मागून आले, माझा काटा बघितला आणि म्हणाले, “मेलीस.”

“अहो, आले की बाहेर!”

“इथून आलीस. धूर असता तर कुठवर आली असतीस? अर्धी हवा वायरी कापण्यात घालवली. बोलली असतीस तर पोरांनी तीन मिनिटांत उचलली असती.”

दुसऱ्या वेळी मी बोलले. बटण दाबलं आणि बोलले. पण काय बोलले ते पुढं आठ दिवस सगळं केंद्र मला ऐकवत होतं. “सतरा नंबर, थोडीशी अडकलेय, ठीक हाय, बघते मी.” मेडे नाही, जागा नाही, हवा नाही. नापास तर झालेच, वर मैदानाला चक्कर मारावी लागली ती वेगळी. उस्ताद माझ्याबरोबर चालत होते, गुडघा धरून. मी चिडून म्हणाले, “उस्ताद, एकोणीस पोरांच्यात मी पहिली बोलले, तर काय म्हणतील?”

“काय म्हणतील?”

“पोरगी अडकली म्हणतील.”

“मग अडकलीच ना?” उस्ताद म्हणाले. “नऊ नंबर अडकला तर पोरगा अडकला. वायर काय बघून धरती का?”

तिसऱ्या संधीला केंद्राचे साहेब स्वतः आले, हातात कागद लावलेला पुठ्ठा घेऊन. दारात नऊ नंबर, चार नंबर आणि आणखी दोघं. मी आत सरपटत गेले. डावा हात भिंतीला, दुसरी खोली, मग मागची खोली. तिथं वायर खांद्यात अडकली. मी वळायला गेले तर पायातही अडकली. समोर उस्ताद दबा धरून बसले होते, त्यांच्या गुडघ्याची करकर मुखवट्यातूनही ऐकू यायची. मी ओढ दिली असणार, कारण वायरीचं दुसरं टोक रचलेल्या बाकांत गुंतलेलं होतं. धाडकन आवाज झाला आणि उस्ताद ओरडले.

“उस्ताद?”

उत्तर नाही. मग कण्हणं. मी हात लांबवून चाचपलं. बाक, त्यावर बाक आणि खाली त्यांचा पाय, घोट्यापासून दबलेला.

“उस्ताद, लागलं का?”

“काय नाय. तू तुझी परीक्षा दे. माझ्यापायी तिसरी संधी वाया नको घालवू.”

“अहो, पण पाय...”

“ठीक हाय गं!”

मग आधी मी हसले की ते, आठवत नाही. मुखवट्यात हसलं की काचेवर वाफ धरते आणि हवा भसाभसा जाते. काटा बघितला तर अर्ध्याच्या खाली. बाक मी हलवून बघितला असता, मला माहीत आहे. पण खांदा आणि पाय वायरीत होते आणि त्यांचा श्वास दुखऱ्या माणसाचा होता. मी बटण दाबलं, एक श्वास थांबले.

“मेडे, मेडे, मेडे. सतरा नंबर आणि उस्ताद. मागची खोली, डावी भिंत. बाकं कोसळली, उस्तादांचा पाय खाली, मी वायरींत. हवा अर्ध्याच्या खाली. आम्ही दोघं अडकलोय. खरोखर अडकलोय.”

पोरं आली. नऊ नंबरनं दोन बाकं अशी उचलली, जशी घरात खुर्ची बाजूला करावी. बाहेर उन्हात उस्तादांना स्टुलावर बसवलं. घोटा टम्म सुजला होता, हाड शाबूत होतं. चार नंबरनं ओला रुमाल बांधला. कुणीतरी चाचींना फोन लावला, तर त्यांनी आधी विचारलं, “कुठला पाय?” आणि मग, “रिकाम्यापोटी गोळी देऊ नका.”

साहेबांनी पुठ्ठा वर घेतला. “मेडे तर बरोबर दिला हिनं. पास करू का?”

“उसको पूछो,” उस्ताद म्हणाले.

साहेब माझ्याकडे वळले. “एकटी असतीस तर बोलली असतीस?”

त्यांच्यामागे उभा राहून नऊ नंबर जिवाच्या आकांतानं मान हलवत होता, हो म्हण, हो म्हण. एका शब्दाचं काम होतं. लाल गाडी समोर उभी होती आणि मला त्या गाडीवर जायचं होतं, दुसरं काहीही नको होतं.

“नाही, साहेब,” मी म्हणाले. “उस्ताद होते म्हणून बोलले. एकटी असते तर वायरी कापत बसले असते.”

नऊ नंबरनं डोळे मिटून घेतले. साहेबांचं पेन थांबलं. उस्ताद मात्र स्टुलावर असे खूश झाले, की सुजलेला पाय विसरून उठायला गेले आणि पुन्हा बसले.

“साहेब,” ते म्हणाले, “सहा महिने झाले, आज पहिल्यांदा हिनं खरा रिपोर्ट दिला. बाकं पडली ती माझी चूक, मीच कच्ची रचली होती. ही संधी धरू नका. हिची टाकी बदला आन आत्ताच्या आत्ता आत पाठवा.”

साहेबांनी पुठ्ठ्यावरची एक ओळ खोडली. मग म्हणाले, “ही शेवटची.”

टाकी बदलली. मी आत गेले. आता उस्ताद आत नव्हते, कुणीच नव्हतं. दुसऱ्या खोलीतच वायरीनं धरलं, आधी टाकीला, मग कोपराला. ओढून बघितलं, घट्ट. पक्कड कमरेला होती, हात तिच्यावर गेलाही. काळोख होता, माझ्याच श्वासाचा आवाज होता आणि मला भीती वाटत होती. ही गोष्ट मी स्वतःला इतक्या सरळ कधी सांगितली नव्हती. पक्कड सोडली. बटण दाबलं.

“मेडे, मेडे, मेडे. सतरा नंबर. दुसरी खोली, मधोमध. वायरींत अडकलेय. हवा तीन चतुर्थांश. एकटी आहे. मला घेऊन जा.”

आवाज चिरकला, पण गेला. मग उस्तादांचा आवाज आला, स्टुलावरून, जरा जड झालेला. “सतरा, ऐकलं. पडून ऱ्हा बेटा. पोरं निघाली.”

मी पडून राहिले. फरशीवरून बुटांची घसट जवळ येऊ लागली. आधी चार नंबरच्या पकडीचा कटकट आवाज, वायरी तुटल्या, मग एक भलामोठा हात आला आणि त्यानं माझ्या टाकीचा पट्टा खांद्यापाशी धरला. ते ओढायला लागले. मी फरशीला टाचा लावून स्वतःला मागून ढकलत होते, तेवढाच त्यांचा भार कमी म्हणून.

नऊ नंबर धापा टाकत थांबला. “सतरा, तू काय करू नको गं. आमी आणतो.”

मी पाय सैल सोडले आणि त्यांना मला न्यायला दिलं.